‘बंगाल’ या सुरुंगशोधक नौकेने जपानी जहाज खरोखर बुडवले का?

प्रश्न (कसबा बावडा, कोल्हापूर)
माझे चुलत आजोबा दुसऱ्या महायुद्धात रॉयल इंडियन नेव्हीत खलाशी होते. ते ‘बंगाल’वर नव्हते, तरीही ‘आपल्या बंगालने दोन जपानी जहाजांना तोंड दिले आणि त्यांतले एक बुडवले’ ही हकिकत रंकाळ्यावर फिरताना ते इतक्या वेळा सांगत की ती आमच्या घरचीच होऊन गेली. आता शाळेच्या भित्तिपत्रकासाठी ती लिहायला घेतली, तेव्हा ते जहाज ‘ओंडिना’ या डच तेलवाहू जहाजाने बुडवल्याचे वाचनात आले. मुलांपुढे चुकीचे काही जाऊ नये, म्हणून जाणकारांना विचारत आहे. शिवाय, सुरुंग काढण्यासाठी बांधलेली नौका तेलवाहू जहाजाची राखण का करत होती?

उत्तर (राजारामपुरी)
‘बंगाल’ सिडनीच्या कोकाटू गोदीत बांधली गेली आणि ऑगस्ट १९४२ मध्ये नौदलात दाखल झाली. म्हणजे ११ नोव्हेंबर १९४२ रोजी हिंदी महासागरातील कोकोस बेटांच्या नैर्ऋत्येला तिची गाठ ‘होकोकू मारू’ आणि ‘आयकोकू मारू’ यांच्याशी पडली, तेव्हा तिला सेवेत येऊन जेमतेम तीन महिने झाले होते. ती ऑस्ट्रेलियातील फ्रीमँटल बंदरातून मुंबईकडे निघाली होती आणि वाटेत ‘ओंडिना’ला सोबत करत होती. दोन्ही जपानी जहाजे प्रत्येकी दहा हजार टनांहून मोठी होती आणि त्यांच्यावर १४० मिलिमीटरच्या तोफा होत्या. ‘बंगाल’ची मुख्य तोफ मात्र अवघी ७६ मिलिमीटरची होती.

अशा स्थितीत लेफ्टनंट कमांडर विल्यम विल्सन यांनी ‘ओंडिना’ला निघून जाण्याचा संदेश दिला आणि स्वतःची नौका थेट शत्रूकडे वळवली. ‘ओंडिना’ मात्र निघून गेली नाही, तिनेही आपल्या १०२ मिलिमीटरच्या एकमेव तोफेने मारा सुरू केला. एक गोळा ‘होकोकू मारू’च्या टॉर्पेडो नळ्यांजवळ लागला, आग भडकली, मोठा स्फोट झाला आणि ती बुडाली. तो गोळा ‘ओंडिना’चा होता, असे बहुतेक अभ्यासक मानतात, मात्र ‘बंगाल’वरच्या लोकांनी तो आपलाच मानला. दारूगोळा संपत आल्यावर ‘बंगाल’ धुराच्या पडद्याआडून निसटली आणि हिंदी महासागरातील डिएगो गार्सिया बेटाला पोहोचली.

त्यानंतर ‘ओंडिना’चे कप्तान विलेम हॉर्समन गोळ्याने मृत्युमुखी पडले. ‘आयकोकू मारू’ने तिच्यावर टॉर्पेडो मारले, पण तेलाच्या टाक्या रिकाम्या असल्यामुळे ती तरंगत राहिली. होड्यांत उतरलेले खलाशी पुन्हा तिच्यावर चढले आणि त्यांनी ती फ्रीमँटलला परत नेली. ‘बंगाल’ला वाटत होते की ‘ओंडिना’ बुडाली, आणि ‘ओंडिना’लाही ‘बंगाल’बद्दल तसेच वाटत होते. आपल्या आजोबांच्या हकिकतीचा हा भाग मला सर्वांत हृदयाला भिडणारा वाटतो.

उत्तर (निवृत्त नौसैनिक, शिरोळ तालुका)
आपल्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल. ‘बंगाल’सारख्या, बॅथर्स्ट वर्गातील नौका मुळातच बहुउपयोगी बांधल्या होत्या: पाणबुड्यांविरुद्ध पहारा, जहाजांची सोबत आणि सुरुंग काढणे. समुद्रतळाला तारेने जखडलेले सुरुंग काढताना मागे सोडलेली लांब तार पाण्याखालून ओढत नेतात, तिच्यावरील कातऱ्या सुरुंगाची तार कापतात आणि वर आलेला सुरुंग गोळी मारून फोडतात. या कामात नौका संथ आणि सरळ रेषेत चालवावी लागते, आणि डोळे सतत पाण्यावर ठेवावे लागतात. चालणाऱ्या युद्धात मात्र जी नौका हाताशी असेल तिला जे काम पडेल ते करावे लागे. मी सुरुंगशोधक नौकेवर काम केले आहे, म्हणून सांगतो, अशा छोट्या नौकेच्या ‘ब्रिज’वर, म्हणजे नौका चालवण्याच्या मंचावर, उभे राहून एवढ्या मोठ्या तोफांच्या दिशेने सुकाणू फिरवण्याचा हुकूम देणे किती कठीण असेल, याची मला कल्पना आहे.

प्रश्नकर्ता
दोघांचेही मनापासून आभार. भित्तिपत्रकावर आता असे लिहीन: ‘बंगालने ओंडिनाला वाचवण्यासाठी शत्रूकडे तोंड केले, होकोकू मारू बहुधा ओंडिनाच्या गोळ्याने बुडाली.’ खाली हॉर्समन आणि विल्सन, दोघांचीही नावे असतील.