सायकलवाल्याला ओलांडताना दीड मीटर अंतर: कायदा हवा की नको?

चाकोरी (जालना जिल्हा)
सायकलस्वाराला किंवा कडेने चालणाऱ्याला ओव्हरटेक करताना गाडीने किमान दीड मीटर अंतर सोडलंच पाहिजे, आणि तेवढी जागा नसेल तर मागे थांबलं पाहिजे, असा नियम कायद्यात यावा. माझी मागणी एवढीच आहे. त्यावर मोकळेपणाने बोला.

आज काय आहे ते सांगते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने नियमाविरुद्ध ओव्हरटेक करणं धोकादायक वाहन चालवण्यात धरलं आहे. पहिल्या गुन्ह्याला १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. पण अंतर किती, हे त्या कलमात नाही. त्यामुळे गाडी अंगाला घासून गेली आणि माणूस पडला नाही, तर काही घडलंच नाही असं धरतात. जर्मनीने २०२० मध्ये गावात दीड आणि गावाबाहेर दोन मीटर असा आकडा नियमात लिहिला. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्याने २०१४ पासून ताशी ६० किलोमीटरपर्यंतच्या वेगमर्यादेला एक मीटर आणि त्यावर दीड मीटर ठेवलं.

मला काळजी आहे ती शाळेतल्या मुलींची. सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या सायकली घेऊन त्या वाड्यावस्त्यांवरून येतात. उसाचा हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या. ट्रॅक्टर पुढे गेला की मुलीला वाटतं सुटलो, पण वळणावर मागची ट्रॉली आत येते आणि बाहेर लोंबणारी वाढी, म्हणजे उसाचे शेंडे, दप्तराला घासतात. साइडपट्टी खचलेली, डांबराची कड वीतभर वर. चाक एकदा खाली गेलं आणि पोरीने हँडल उजवीकडे वळवलं की चाक कडेला अडकतं आणि ती रस्त्यावरच पडते. मागून गाडी येत असते.

डबलक्लच
मॅडम, तुमची तळमळ पटते, कायदा पटत नाही. मी ट्रक चालवतो. हिशोब मांडतो, तुम्हीच बघा. दोन पदरी रस्ता सात मीटरचा, म्हणजे एक पदर साडेतीन. सायकलवाला कडेपासून अर्धा मीटर आत, त्याचं हँडल ६० सेंटिमीटर, तुमचं दीड मीटर आणि माझी गाडी अडीच मीटर रुंद. झाले पाच मीटर दहा सेंटिमीटर. म्हणजे दर सायकलीला मी समोरच्या पदरात दीड मीटरच्या वर घुसायचं. समोरून एसटी येत असेल तर?

थांबायचं म्हणता. मी थांबतो हो. पण माझ्यामागे जी रांग लागते ती थांबत नाही. मागचा कारवाला मला आणि सायकलला एका दमात ओलांडायला बघतो आणि समोरासमोर धडक होते. शिवाय दंड कोणाला? ट्रकला हात दाखवणं सोपं. पावती फाटते ती ड्रायव्हरच्या खिशातून, मालक म्हणतो तुझं तू बघ.

सेकंडशिफ्ट
एमआयडीसीतून रात्री सायकलने घरी येतो. लांब गाडी जवळून गेली की आधी हवेचा धक्का बाहेर ढकलतो आणि लगेच आत ओढतो. सायकलवर बसल्याशिवाय हे कळत नाही. माझा पाठिंबा.

चाकोरी
डबलक्लचभाऊ, तुमच्याच हिशोबातून दीड मीटर काढून टाका. अर्धा, अधिक साठ, अधिक अडीच. साडेतीनच्या पदरात तीन मीटर साठ होतात! म्हणजे सायकलला चिकटून गेलात तरी तुम्हाला रेषा ओलांडावीच लागते. समोरून एसटी येत असताना आज तुम्ही "बसतं" म्हणून जाता तेव्हा ती जागा सायकलवाल्याच्या अंगावरून काढलेली असते. माझा नियम फक्त सांगतो की समोरचा पदर मोकळा होईपर्यंत थांबा.

आणि थांबणं किती? पंधराच्या वेगाने सायकलमागे दोनशे मीटर गेलात तर ४८ सेकंद. पन्नासने गेला असतात तर १४. फरक अर्ध्या मिनिटाचा.

कलमकागद
कोर्टात उभा राहणारा माणूस म्हणून विरोध नोंदवतो. अंतर मोजणार कोण? सायकलवाला म्हणणार एक मीटर, ड्रायव्हर म्हणणार पावणेदोन. पुरावा नाही तर केस उभी राहत नाही, आणि उभी न राहणारी कलमं वाढवली की पोलिसांच्या हातात फक्त धमकी उरते. इंग्लंडमध्ये वेस्ट मिडलंड्स पोलिसांनी २०१६ मध्ये साध्या कपड्यातला पोलीस कॅमेरा लावून सायकलवर पाठवला. जवळून गेलेल्यांना पुढे अडवलं आणि जमिनीवर चटई अंथरून सुरक्षित अंतर दाखवलं. बहुतेकांना समज देऊन सोडलं. हे आपल्याकडे कलम १८४ वर आजच करता येईल. नवीन आकडा कशाला?

चाकोरी
वकीलसाहेब, त्या चटईवर काहीतरी आकडा होताच ना? आकडा मला कोर्टाआधी आरटीओत हवा आहे. लर्निंगच्या परीक्षेत "सायकलला ओलांडताना किती अंतर?" हा प्रश्न आला आणि उत्तर दीड मीटर असलं, तर नवीन पोरगा ते डोक्यात घेऊन गाडीवर बसेल. "पुरेसं अंतर" म्हटलं की जो तो आपल्या घाईप्रमाणे पुरेसं ठरवतो.

मुरूमभराव
कायद्याने मुली वाचणार नाहीत, रस्त्याने वाचतील. साइडपट्टी भरा, दीड मीटरचा पक्का पट्टा द्या.

सेकंडशिफ्ट
पट्टा दिला की त्यावर गाड्या लावतात. पुणे महापालिकेने २०१७ मध्ये सायकल आराखडा मंजूर केला, तरी तिथे सायकल ट्रॅकवर पार्किंग आणि टपऱ्या दिसतातच. आणि गावच्या रस्त्याला पट्टा येईस्तोवर आम्ही काय करायचं?

डबलक्लच
मॅडम, तीन मीटर साठचा मुद्दा मान्य. पण क्वीन्सलँडचं नाव घेतलंत तर पूर्ण घ्या. तिथे समोर मोकळं आणि सुरक्षित असेल तर सायकलला ओलांडताना मधली अखंड रेषा ओलांडायला ड्रायव्हरला परवानगी आहे. ती सूट इथे नसेल तर एका बाजूने तुमचा दंड, दुसऱ्या बाजूने रेषेचा. आणि मी थांबलेला असताना मला ओलांडून पुढे घुसणाऱ्याला माझ्या दुप्पट दंड लावा. हे दोन्ही लिहा, मग आमच्या ड्रायव्हर लोकांत सही गोळा करायला मी स्वतः फिरतो.

चाकोरी
दुप्पट दंड लगेच लिहिते. रेषेची सूट सरळ रस्त्यावर द्यायला माझी हरकत नाही. घाटात, वळणावर आणि पुलावर नको. तिथे सायकल पुढे निघेपर्यंत मागेच राहायचं.

डबलक्लच
भरलेली गाडी चढावर सायकलच्या वेगाने अर्ध्या क्लचवर चालवावी लागली तर क्लच जळतो, मॅडम. घाटाचं अजून बोलावं लागेल.