वर्क ऑर्डर (कामाचा लेखी आदेश) नाही म्हणून पालिकेनं काम फुकट पचवायचं?

डिचोलीकर: कालच्या पोस्टमध्ये एकानं ठासून लिहिलंय, "वर्क ऑर्डर नाही तर ठेकेदाराला छदाम मिळणार नाही." साफ चूक. करार कायद्याचं कलम ७० कशासाठी आहे? काम कायदेशीर हवं, फुकट देण्याच्या इराद्यानं केलेलं नको आणि समोरच्यानं त्याचा लाभ घेतलेला हवा. १९६१ साली पश्चिम बंगाल सरकार विरुद्ध बी. के. मंडल खटल्यात करार रीतसर नव्हता, तरी बांधलेली गोदामं सरकारनं वापरली म्हणून पैसे द्यावे लागले.

म्हापसेकर: मग निविदा भरून अनामत अडकवणारे मूर्ख का? उद्या कोणीही मे महिन्यात गटार उपसेल आणि जूनमध्ये बिल पुढे करील.

डिचोलीकर: निकाल वाचा हो! नको असलेलं काम नाकारायची मोकळीक पालिकेला असतेच. तिनं ते ठेवून घेतलं तरच भरपाई.

फोंडेकर: दावा बुडतो मोजमापात. पहिल्या पावसात गटार पुन्हा भरलं की पुरावा गेला. उपसण्याआधी दर १० मीटरला तळाची लेव्हल घ्या, उपसल्यावर त्याच पक्क्या खुणेवरून पुन्हा घ्या. एमबीत, म्हणजे मोजमाप वहीत, कनिष्ठ अभियंत्याची सही, गाळाच्या ट्रकांच्या पावत्या. पायाचं काँक्रीट असेल तर माती लोटण्याआधी फोटो. दर मनाचा लावू नका, जीएसआरचा, म्हणजे गोवा सरकारच्या दरपत्रकाचा लावा. इथे वाजवी मोबदला मिळतो, ठरलेला नफा नाही. आणि दाव्यात करारावरची मागणी फसली तर म्हणून कलम ७० ची पर्यायी मागणी घालाच. वकील नेमकी तीच विसरतात.

काणकोणकर: एवढी धावपळ कशाला? गोव्यात दावा लावायला पोर्तुगीज संहितेच्या, म्हणजे पोर्तुगीज काळापासूनच्या दिवाणी कायद्याच्या, कलम ५३५ ची मुदत चालते, वाईट हेतू असला तर ३० वर्षं. १९७९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे.

फोंडेकर: असलं लिहून लोकांना बुडवू नका! २००१ मध्ये सिंडिकेट बँक विरुद्ध प्रभा नाईक निकालानं करारविषयक दाव्यांपुरती ती मुदत संपवली. आता १९६३ चा मुदत कायदा, काम झाल्यापासून ३ वर्षं.

काणकोणकर: पण तो खटला बँकेच्या कर्जाचा होता. गटाराचा काय संबंध?

फोंडेकर: संबंध करार कायद्याचा. कलम ७० त्याच कायद्यात आहे ना? "फाइल फिरतेय" या तोंडी आश्वासनानं मुदत वाढत नाही. वाढते ती मुदतीच्या आत सहीनिशी दिलेल्या लेखी कबुलीनं. काम पीडब्ल्यूडीचं (सार्वजनिक बांधकाम खात्याचं) असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची २ महिन्यांची नोटीस लागते. तेवढे दिवस मुदतीत धरत नाहीत.

काणकोणकर: बरं, ३ वर्षं तर ३ वर्षं. पण पोर्तुगीज संहिता गोव्यातून पुसली गेली असं कोणी समजू नये.

म्हापसेकर: मोजमाप पक्कं असेल तर पैसे द्या, एवढं मान्य. पण तोंडी काम काढणाऱ्या अभियंत्याकडून वसुली कोण करणार? शेवटी भार आमच्या घरपट्टीवरच.

डिचोलीकर: ती वसुली पालिकेनं जरूर करावी. तोवर ठेकेदाराचं बिल अडवायचा हक्क मात्र तिला नाही.