बुर्ग एल्ट्झला गाडी लागतेच असं नाही

कोणीतरी लिहिलंय की जर्मनीतल्या बुर्ग एल्ट्झ या जुन्या किल्ल्याला गाडी भाड्याने घेतल्याशिवाय जाऊच नका, लहान मुलं असतील तर नाहीच. मला नाही पटत. पार्किंगसुद्धा किल्ल्याच्या दारात नाहीये, तिथून उताराने पायी खाली जावं लागतं नाहीतर शटल पकडावी लागते. आम्ही कोब्लेन्झ शहरातून मोझेल नदीच्या काठाने जाणारी लोकल ट्रेन पकडली, डावीकडची खिडकी धरा, नदी त्या बाजूला दिसते, आणि मोझेलकेर्न स्टेशनला उतरून एल्ट्झबाखच्या ओढ्याकाठाने जंगलातून चालत गेलो. साधारण ५ किमी. मुलगी ७ वर्षांची, ओढ्यात दगड टाकत टाकत दोन तास लावले तिने, पण एका वळणावर झाडांतून एकदम ते बुरूज वर दिसले ना, तेव्हा ती जी पळत सुटली! बाबागाडी मात्र नेऊ नका, वाटेत मुळं आणि दगड खूप आहेत.

आणि हो, हा किल्ला ८०० हून जास्त वर्षं एकाच घराण्याकडे आहे, कधी उद्ध्वस्त झाला नाही, म्हणून आतलं सामानही जुनं, खरं आहे. आत फोटो काढू देत नाहीत. नोव्हेंबर ते मार्च बंद असतो, ख्रिसमसच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी हे आधी बघा.