नुसतं बियाणं बदलून भागत नाही, बांध बघा आधी

बरेच जण म्हणतात की खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत, क्षार सहन करणारं भात लावलं की प्रश्न मिटला. अर्धंच खरं आहे हे. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने काढलेल्या पनवेल १, २, ३ या भाताच्या जाती चांगल्याच आहेत, पण उधाणाला, म्हणजे मोठ्या भरतीला, बांधाला खांड पडली (तो फुटला) आणि खाडीचं पाणी शेतात उभं राहिलं तर कुठलीच जात टिकत नाही, आणि नुकसान त्या वर्षापुरतं नसतं, जमिनीतलं मीठ धुऊन निघायला पुढचे दोन-तीन पावसाळे जातात.

अलिबाग-पेणकडे पूर्वी जोळ असायची, म्हणजे बांध फुटला की घरटी एक माणूस चिखलाची ढेकळं घेऊन हजर, भरती यायच्या आत खांड बुजवायची. आता पोरं मुंबईला, बांध सरकारच्या ताब्यात, आणि दुरुस्तीची फाईल फिरेपर्यंत पुढच्या अमावस्येचं उधाण येतं. त्यात समुद्राची पातळी वाढतेय. उघाडीची, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या दाराची, झडप सडली असेल तर भरतीला खाडीचं पाणी आत येतं, एवढी साधी गोष्ट आहे, पण बघतं कोण?

अलिबागजवळच्या शहापूर-धेरंडकडे शेताला लागून तळी आहेत, त्यात जिताडा मासा पाळतात. भात गेलं तरी हातात काहीतरी पैसा येतो. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. गोव्यातल्या खाजनातही, म्हणजे तिथल्या बांध घातलेल्या खाऱ्या शेतीत, भात आणि मासे असं दोन्ही चालतंच की, तिथली कोरगुट ही भाताची जात तर शेतकऱ्यांनीच पिढ्यानपिढ्या जपलेली. तुमच्याकडे कोणी जुनं खारं बियाणं राखून असेल तर प्लीज इथे लिहा.