परदेशात भाड्याची गाडी चालवताना: सीमाभागातील प्रवाशांचे अनुभव

आपल्या भागातील अनेकांची मुले परदेशी स्थायिक झाली आहेत आणि त्यांना भेटायला गेलेले आईवडील आता तिथे स्वतः गाडी चालवू लागले आहेत. चोर्ला घाट भर पावसात उतरणाऱ्यांना गाडी हाकण्याची भीती नसते, अडचण येते ती दुसरीकडेच. म्हणून ज्यांनी परदेशात गाडी भाड्याने घेतली आहे, त्यांनी आपला अनुभव सविस्तर लिहावा, ही विनंती. सुरुवात मी करतो.

बेळगाव (जर्मनी)
निघण्यापूर्वी आरटीओतून १००० रुपये भरून आंतरराष्ट्रीय परवाना काढला. तो जास्तीत जास्त एक वर्ष चालतो आणि मूळ परवाना जवळ असेल तरच कामी येतो. एवढी तयारी करूनही म्युनिकला मी अडलो, कारण अनामत रक्कम चालकाच्याच नावाच्या क्रेडिट कार्डावर अडकवून ठेवतात आणि माझ्याकडे होते ते पत्नीच्या नावाचे. शेवटी जावईबापूंना बोलावून करार त्यांच्या नावे करावा लागला. गाडी ऑटोमॅटिक हवी असल्यास आधीच तसे नोंदवावे, हेही सांगून ठेवतो.

खानापूर (न्यूझीलंड)
तिथे आपल्यासारखेच डाव्या बाजूने चालवायचे असल्यामुळे मी निश्चिंत होते, पण दक्षिण बेटावरच्या एकेरी पुलांनी माझी सवय मोडली. आमच्या तालुक्यातल्या अरुंद पुलांवर जो आधी डिपर मारतो तो आधी जातो. तिथे मात्र पुलाच्या अलीकडचा फलकच क्रम ठरवतो: लाल कडेच्या गोल फलकावर आपल्या दिशेचा बाण लहान आणि लाल असेल, तर थांबायचे, निळ्या चौकोनी फलकावर आपला बाण मोठा आणि पांढरा असेल, तर आपण आधी. पहिल्याच दिवशी मी सवयीने डिपर मारला आणि समोरच्या गृहस्थांनी ती आपल्यालाच दिलेली वाट समजून गाडी पुलावर घातली. मला मागे यावे लागले. सोबत नातवंडे होती, त्यामुळे तो क्षण मी अजून विसरलेले नाही. त्यानंतर प्रत्येक पुलाआधी वेग कमी करून मी फलक मोठ्याने वाचू लागले.

निपाणी (इटली)
फ्लॉरेन्सच्या जुन्या गावठाणात परवानगीवाचून गाडी नेता येत नाही आणि वेशीवरचे कॅमेरे क्रमांक टिपतात. आम्हाला कोणी अडवले नाही, म्हणून चालत असावे असे वाटले. काही महिन्यांनी दंडाची नोटीस घरी आली, आणि आमचा पत्ता पालिकेला कळवल्याबद्दल गाडीवाल्यांनी वेगळे शुल्क कार्डावरून आधीच कापले होते. मुक्काम त्या हद्दीत असेल, तर गाडीचा क्रमांक हॉटेलला आधी कळवून नोंद करून घ्यावी.

चिकोडी (आइसलँड)
दार उघडताना ते दोन्ही हातांनी धरावे. वाऱ्याने दार उलटे फिरून बिजागरी वाकते आणि हे नुकसान नेहमीच्या विम्यात बहुधा धरत नाहीत. आमच्या करारात तसे लिहिलेले होते, पण सही करण्याआधी आम्ही ते पान वाचले नव्हते.