कर्ल होतो, मग कमी काय पडतंय?

बायसेप्सचं (दंडाच्या पुढच्या स्नायूचं) टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारा दोर, जोडून घेतल्यावर कर्ल (कोपर वाकवून वजन उचलणं) जमतोय, तरी ऑपरेशन झालेला हात मागेच पडतो, असं तुम्ही लिहिलंय. कोपरापाशी तुटलेलं बायसेप्सचं टेंडन जोडून घेतलेला मीही एक. डेडलिफ्टला (जमिनीवरचं वजन उभं राहत उचलताना) एक तळवा पुढे, एक मागे अशी पकड होती. तुटलं ते अर्थातच पुढे तळवा असलेल्या हाताचं.

एक मुद्दा वरच्या उत्तरांत कुणी मांडला नाही. बायसेप्स फक्त कोपर वाकवत नाही, तळवा वर फिरवायचं कामही तोच करतो. वाकवायला त्याच्याखालचा ब्रेकिआलिस हा स्नायू मदतीला असतो, म्हणून कर्लमध्ये उणीव झाकली जाते. फिरवण्यात ती उघडी पडते. फिजिओने परवानगी दिल्यावर मी हातोडीचा दांडा टोकाला धरून सावकाश तळवा वर-खाली फिरवायचो. दिसायला हास्यास्पद, पण दहाव्या वेळेला घाम फुटायचा!

बारबेल (दोन्ही हातांनी धरायचा वजनाचा दांडा) काही महिने बाजूला ठेवा. त्यात चांगला हात गुपचूप जास्त भार घेतो. एकेका हाताचे डंबेल घ्या, सुरुवात कमजोर हाताने करा, त्याने जेवढे रेप्स (उचलण्याच्या खेपा) काढले तेवढेच दुसऱ्याने. चांगल्या हाताचा व्यायाम मात्र थांबवू नका. एका बाजूच्या सरावाचा थोडा फायदा मज्जासंस्थेमार्फत दुसरीलाही मिळतो.

स्नायू लवकर भरतो, टेंडन सावकाश. पाचव्या महिन्यात मला भलताच आत्मविश्वास आला होता, सर्जननी झापलं. आणि दोन्ही हात तंतोतंत सारखे व्हायची वाट पाहू नका, सवयीचा हात तसाही थोडा जोरकस असतो. डेडलिफ्टला आता माझे दोन्ही तळवे मागे, जड सेटला मनगट दांड्याला बांधणारे पट्टे.