नवरा-बायकोच्या कुरबुरींवरचा विनोदी सिनेमा सुचवा

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. सासू-सासऱ्यांच्या लग्नाच्या वाढदिवसाला नागपुरात घरीच सगळ्यांनी मिळून एक सिनेमा बघायचा बेत आहे. बाबा पोह्यांवर तर्री ओतून घेतात आणि आई वाटीच उचलून नेतात, मग तासभर अबोला. तसली चकमक पडद्यावर हवी.

'नवरा माझा नवसाचा' (२००४) सगळ्यांचा पाठ आहे. 'प्रेमाची गोष्ट' (२०१३) मला फार आवडतो, पण घटस्फोटाचा विषय त्या दिवशी नको. 'पति पत्नी और वो' (१९७८) मध्ये संजीवकुमार कमाल करतो, तरी बायको आजारी असल्याची थाप मारून सेक्रेटरीला भुलवणारा नवरा आईंना मुळीच खपणार नाही. वेब सिरीज नको, एका बैठकीत संपायला हवं.

भाषा मराठी किंवा हिंदी. मराठी असेल तर हिंदी किंवा इंग्रजी सबटायटल्स लागतीलच, आमचे भोपाळचे व्याही येणार आहेत. मुलंही असतील, म्हणून द्वयर्थी विनोद नकोत. जुना, कृष्णधवल असला तरी चालेल.

चूक दोघांचीही दाखवणारा, बायकोला नुसती कजाग न ठरवणारा असा कोणता सिनेमा आहे, आणि तो सबटायटल्ससह अधिकृतपणे कुठे बघता येईल?